कोल्हापूर–नागपूर विमानप्रवास: अंतर किती, वेळ किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्राच्या नकाशावर कोल्हापूर एका टोकाला आणि नागपूर दुसऱ्या टोकाला. मे २०२५ मध्ये स्टार एअरने ७६ आसनांच्या एम्ब्रेअर ई-१७५ विमानाने ही दोन शहरं थेट जोडली आणि तेव्हापासून अंतर आणि वेळेबद्दलचे प्रश्न वाढले. उत्तरं शोधायला गेलं की प्रत्येक ठिकाणी वेगळाच आकडा दिसतो. त्यातला कुठला कशासाठी धरायचा, ते इथे एकत्र दिलं आहे.

कोल्हापूर ते नागपूर हवाई अंतर किती आहे?

सरळ रेषेत ७०१ किलोमीटर. वैमानिकांच्या मापात साधारण ३७९ नॉटिकल मैल, साध्या मैलांत ४३६. दिशा जवळजवळ बिनचूक ईशान्य. परतताना अर्थातच नैऋत्य.

काही साइटवर ७०२ दिसतं, काहींवर ७०९. बरोबर कोणतं?

दोन्ही बरोबर आहेत, मोजायची सुरुवात वेगळी आहे इतकंच. पृथ्वी हा अगदी गोल चेंडू मानला तर उत्तर ७०२ येतं. ती ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे हे धरलं तर ७०१. आणि विमानतळाऐवजी शहराचा मध्य धरला तर ७०९-७१० च्या आसपास, कारण उजळाईवाडीचा विमानतळ कोल्हापूरच्या आग्नेयेला आहे आणि सोनेगावचा नागपूरच्या नैऋत्येला. म्हणजे दोन्ही विमानतळ आपापल्या शहरापेक्षा एकमेकांच्या थोडे जवळ.

विमानासाठी अंतर मोजताना विमानतळाचा संदर्भबिंदू धरतात. तो बहुधा धावपट्टीच्या मध्याजवळ असतो. नागपूरच्या झिरो माइलच्या दगडाशी या मोजणीचा काही संबंध नाही, तरी हा प्रश्न हटकून येतो.

आणि ७०१ किलोमीटर म्हणजे समृद्धी महामार्गाची लांबी ना?

हो, नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गही ७०१ किलोमीटरचाच आहे. हा निव्वळ योगायोग. पण त्यामुळे ‘कोल्हापूरहून नागपूर रस्त्याने ७०१’ असं काही ठिकाणी लिहिलेलं दिसतं, ते चूक आहे. रस्त्याचे आकडे पुढे दिले आहेत.

हा आकडा स्वतः पडताळून पाहता येईल का?

कागद-पेन्सिल आणि वर्गमूळ काढता येणारा कॅल्क्युलेटर पुरे. कोल्हापूर विमानतळ १६.६६५ अंश उत्तर, ७४.२८९ अंश पूर्व. नागपूर २१.०९२ अंश उत्तर, ७९.०४७ अंश पूर्व.

अक्षांशांतला फरक ४.४२७ अंश. आपल्या भागात अक्षांशाचा एक अंश म्हणजे ११०.७ किलोमीटर. गुणाकार केला की उत्तरेकडे ४९० किलोमीटर जायचं आहे हे कळतं.

रेखांशांतला फरक ४.७५८ अंश. इथेच बहुतेकांचं गणित फसतं. रेखांशाचा एक अंश सगळीकडे सारखा नसतो. विषुववृत्तावर तो १११.३ किलोमीटर भरतो आणि उत्तरेकडे सरकत गेलं की आकसत जातो. दोन्ही गावांच्या मधल्या अक्षांशावर, म्हणजे १८.९ अंशांच्या सुमारास, तो १०५.४ किलोमीटर होतो. म्हणून पूर्वेकडचं अंतर ५०१.५ किलोमीटर. इथे चुकून १११ धरलं की एकूण उत्तर वीसेक किलोमीटरनी फुगतं.

आता शाळेतला पायथागोरस: ४९० चा वर्ग अधिक ५०१.५ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ७०१. इतक्या कमी अंतरासाठी ही पद्धत चालते. मुंबई–लंडनसाठी ती वापरू नका, तिथे गोलाकार त्रिकोणमितीच लागते.

विमान खरोखर ७०१ किलोमीटरच उडतं का?

नाही, त्याहून जास्त. उड्डाण वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने करायचं असतं, गावाच्या दिशेने नाही. कोल्हापूरची धावपट्टी ०७/२५ आहे, म्हणजे एक टोक पूर्व-ईशान्येकडे आणि दुसरं पश्चिम-नैऋत्येकडे. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असताना विमान २५ वरून, म्हणजे नागपूरकडे पाठ करून उडतं आणि मग वळसा घेतं. त्या एका वळशातच तीन-चार मिनिटं जातात. नागपूरची धावपट्टी १४/३२ आहे, वायव्य-आग्नेय. नैऋत्येकडून आलेल्या विमानाला तिथे कुठल्याही टोकाने उतरायचं तरी वळणं घेऊनच रेषेत यावं लागतं.

मधल्या टप्प्यात विमान ठरलेल्या हवाई मार्गांवरून आणि बिंदूंवरून जातं. नियंत्रण कक्षाने मध्येच सरळ जायची परवानगी दिली तर काही किलोमीटर वाचतात. सगळं धरून ७२० ते ७५० किलोमीटर प्रत्यक्ष उड्डाण समजावं.

उड्डाणाला नेमका किती वेळ लागतो?

जेट विमान हवेत ६५ ते ७० मिनिटं असतं. हिशेब असा:

कोल्हापूरहून उडाल्यावर ३३,००० फुटांपर्यंत चढायला १८ ते २० मिनिटं लागतात आणि तेवढ्यात १८० ते २०० किलोमीटर मागे पडतात. म्हणजे विमान सपाट होतं तेव्हा पंढरपूर मागे गेलेलं असतं. त्यानंतर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने जेमतेम २५ ते २८ मिनिटं. मग उतरण सुरू. वैमानिकांचा ढोबळ नियम आहे: दर हजार फूट उंची सोडायला तीन नॉटिकल मैल. नागपूर समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर, म्हणजे ३२,००० फूट उतरायचं, म्हणजे ९६ नॉटिकल मैल, १७८ किलोमीटर. हा बिंदू पुसद आणि यवतमाळच्या मध्ये येतो. तिथून धावपट्टीवर चाकं टेकेपर्यंत आणखी २२ ते २५ मिनिटं.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. जेटचा कमाल वेग हातात पडतो तो प्रवासाच्या निम्म्याहून कमी वेळ. म्हणून ‘७०१ भागिले ८५० बरोबर ५० मिनिटं’ हे गणित कागदावरच राहतं. ज्या साइट असा भागाकार करून ‘उड्डाणाचा वेळ ४९ मिनिटं’ छापतात, त्यांच्या भरवशावर पुढची गाडी बुक करू नये.

मग तिकिटावर सव्वा ते दीड तास का लिहिलेलं असतं?

तिकिटावरचा वेळ चाकं उचलल्यापासून टेकेपर्यंतचा नसतो. विमानाच्या चाकांपुढचे ठोकळे काढून ते जागेवरून हललं, तिथपासून ते उतरून दुसऱ्या विमानतळावर पुन्हा ठोकळे लागेपर्यंतचा असतो. याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात दोन्हीकडचं टॅक्सींग, म्हणजे विमानाचं जमिनीवरून धावपट्टीपर्यंत किंवा तिथून परत चालत जाणं येतं, प्रत्येकी पाच-सात मिनिटं. समांतर टॅक्सीवे नसलेल्या छोट्या विमानतळावर विमानाला धावपट्टीवरूनच टोकापर्यंत जाऊन वळावं लागतं, तेव्हा थोडं जास्त.

शिवाय कंपन्या दहा-पंधरा मिनिटं राखून ठेवतात. एकच विमान दिवसभरात चार-सहा फेऱ्या करतं. सकाळच्या पहिल्या फेरीत दहा मिनिटं गेली तर संध्याकाळपर्यंत ती साचत जातात. राखीव मिनिटं त्यासाठी. ‘आपण वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचलो आहोत’ ही घोषणा ऐकून वैमानिकाने फार जोरात आणलं असं समजायचं कारण नाही.

जेटऐवजी एटीआर असेल तर?

पंख्याचं एटीआर ७२ ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जातं. या मार्गावर हवेत तासाभराऐवजी दीड तास आणि ब्लॉक टाइम पावणेदोन तासांच्या पुढे. ते साधारण १७,००० ते २०,००० फुटांवरून उडतं, त्यामुळे पावसाळी ढगांत हिसके जास्त जाणवतात. उलट छोट्या धावपट्टीवर ते निवांत असतं. बुकिंग करताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो पाहून घ्या.

जाताना आणि येताना वेळ वेगळा का?

वाऱ्यामुळे. नोव्हेंबर ते मार्चमध्ये आपल्याकडे ३०,००० फुटांच्या वर पश्चिमेकडून जोरदार वारा असतो. नागपूरला जाताना तो पाठीशी, येताना तोंडावर. वारा ताशी ९०-१०० किलोमीटर असला तरी आपला मार्ग तिरका असल्याने त्यातला सत्तर टक्केच हिस्सा कामाला येतो. जाण्या-येण्यात पाच ते आठ मिनिटांचा फरक पडतो, त्याहून जास्त नाही.

पावसाळ्यात चित्र उलटतं. जमिनीवर वारा नैऋत्येचा असतो, पण वर उंचावर पूर्वेकडून वाहणारा झोत तयार होतो. मग कोल्हापूरकडे येणारं विमान थोडं लवकर पोचतं. खाली छत्री पश्चिमेच्या वाऱ्याने उलटते आणि वर विमानाला पूर्वेचा वारा ढकलत असतो.

विमान किती उंचीवरून जातं?

जाताना आणि येताना उंची वेगळी असते, आणि ती मुद्दाम वेगळी ठेवलेली असते. पूर्वेकडच्या दिशांना जाणारी विमानं विषम आकड्यांच्या पातळीवर असतात: २९, ३१, ३३, ३५ हजार फूट. पश्चिमेकडच्या दिशांना जाणारी सम पातळीवर: ३०, ३२, ३४, ३६ हजार. समोरासमोर येणाऱ्या विमानांत किमान हजार फुटांचं अंतर आपोआप राहतं. त्यामुळे नागपूरला जाताना ३३ आणि कोल्हापूरला परतताना ३४ असं ऐकू आलं तर नवल नाही. विमान हलकं असेल किंवा वर गर्दी असेल तर नियंत्रण कक्ष दुसरी पातळी देतो.

खाली काय दिसतं? खिडकी कुठल्या बाजूची घ्यावी?

कोल्हापूर–नागपूर सरळ रेषा नकाशावर आखली तर ती सांगलीच्या अगदी जवळून जाते, पंढरपूरच्या जवळजवळ डोक्यावरून, मग धाराशिव, अंबाजोगाई-परळी, पुसद, यवतमाळ आणि वर्धा. एका रेषेत इतकी देवस्थानं सापडतात म्हणून गंमत वाटते, पण प्रस्तावित शक्तिपीठ महामार्गाची आखणी साधारण याच पट्ट्यातून केलेली आहे. त्या महामार्गावरून वाद सुरू आहेत. विमानाला मात्र कुणाच्या शेतातून जावं लागत नाही.

प्रत्यक्ष विमान या रेषेपासून दहा-वीस किलोमीटर इकडेतिकडे असतं. जाताना डावीकडच्या खिडकीतून उजनीचं मोठं पाणी दिसतं, पुढे पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचं. उजवीकडे लातूर आणि नांदेड. पंढरपूर मात्र विमान त्याच्या कुठल्या बाजूने जातं यावर आहे. चंद्रभागेची कोर शोधायची असेल तर उड्डाणानंतर पंधराव्या मिनिटापासून खाली बघत राहा. सकाळच्या उड्डाणात ऊन उजवीकडून येतं, म्हणून डावी बाजू बरी. ई-१७५ मध्ये इकॉनॉमीत दोन-दोनच्या रांगा असतात, मधली सीट हा प्रकार नाही. जून ते सप्टेंबर खिडकीसाठी जास्त पैसे देण्यात अर्थ नाही, खाली पांढरे ढगच दिसतात.

उन्हाळ्यात ‘वजन जास्त होतंय’ म्हणून सामान मागे ठेवतात किंवा काही जागा रिकाम्या ठेवतात. हे खरं असतं का?

खरं असतं, आणि त्याचं कारण समजलं तर राग थोडा कमी होईल.

विमानाला उचलते ती हवा. हवा गरम झाली की विरळ होते, पंखांना कमी उचल मिळते, इंजिनाचा जोरही उतरतो. मग उडण्याआधी जास्त लांब धावावं लागतं. वैमानिक हे ‘घनता-उंची’ या मापाने मोजतात: आज विमान जणू किती उंचीवरच्या हवेतून उडणार आहे?

कोल्हापूर विमानतळ समुद्रसपाटीपासून १,९९६ फुटांवर आहे. या उंचीला प्रमाण तापमान, म्हणजे हिशेबासाठी गृहीत धरलेलं, ११ अंश. मे महिन्यात दुपारी पारा ३६ वर असेल तर फरक २५ अंशांचा. दर अंशाला साधारण १२० फूट धरायचे, म्हणजे ३,००० फूट वाढले. धावपट्टी जणू ५,००० फुटांवर गेली.

आता नागपूर बघा. उंची १,०३३ फूट, प्रमाण तापमान १३ अंश, मेमध्ये पारा ४४. फरक ३१ अंश, वाढ ३,७२० फूट, एकूण पावणेपाच हजार. म्हणजे दोन्हीकडची हवा जवळपास सारखीच विरळ. पण नागपूरची धावपट्टी ३,२०० मीटर लांब आहे, तिथे पाचशे मीटर जास्त धावलं तरी काही बिघडत नाही. कोल्हापूरची धावपट्टी मूळची १,३७० मीटरची. ती टप्प्याटप्प्याने वाढवत नेली तरी लांबीत नागपूरची बरोबरी नाही. लांबी वाढवता येत नसेल तर वजन कमी करणं हा एकच उपाय उरतो. आधी माल, मग चेक-इन सामान आणि अगदीच वेळ आली तर प्रवासी.

यातून व्यवहारी सल्ला एकच: एप्रिल-मेमध्ये पर्याय असेल तर कोल्हापूरहून सकाळचं विमान घ्या. सकाळी पारा दहा-बारा अंशांनी खाली असतो.

धुकं किंवा पाऊस असेल तर?

हिवाळ्यात नागपूरला पहाटे धुकं धरतं, पावसाळ्यात कोल्हापूरला खालचे ढग येतात. त्रास ढगांमुळे होत नाही, धावपट्टी किती लवकर दिसते यावर सगळं असतं. आयएलएस, म्हणजे रेडिओ लहरींनी धावपट्टीची रेषा आणि उतार दाखवणारी यंत्रणा. तिच्या साध्या, पहिल्या श्रेणीच्या आधाराने विमान २०० फुटांपर्यंत खाली येऊ शकतं आणि धावपट्टीवरची दृश्यता ५५० मीटर असली तरी चालतं. आयएलएस नसलेल्या धावपट्टीवर उतरताना बरंच आधी, जास्त उंचीवरूनच धावपट्टी दिसावी लागते. नाही दिसली तर विमान पुन्हा वर घेतात. यात घाबरण्यासारखं काही नाही, तो ठरलेला प्रकार आहे. दोन प्रयत्नांनंतर बहुधा पर्यायी विमानतळ गाठला जातो.

कोल्हापूरला सर्वांत जवळ बेळगावचा सांबरा विमानतळ, सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत. तिथे उतरवलं तर कोल्हापूर रस्त्याने दोन-अडीच तास. त्याखेरीज पुणे, हुबळी, गोवा हे पर्याय. नागपूरचं मात्र अवघड असतं: रायपूर २८० किलोमीटर, हैदराबाद ४३०. म्हणून नागपूरकडे हवा खराब असेल तर विमान उडण्याआधीच थांबवून ठेवतात. कोल्हापुरात ऊन पडलेलं असताना ‘खराब हवामानामुळे उशीर’ असं सांगितलं तर ते नागपूरच्या हवेबद्दल असू शकतं, किंवा ते विमान त्याआधी ज्या गावाहून यायचं आहे तिथल्या हवेबद्दल.

रस्त्याने आणि रेल्वेने किती पडतं?

रस्त्याने सांगली, सोलापूर, तुळजापूर, औसा, लातूर, अहमदपूर, नांदेड, उमरखेड, यवतमाळ, वर्धा या मार्गाने ८३० ते ८५० किलोमीटर. स्वतःची गाडी असेल तर विश्रांती धरून १४ ते १६ तास. पुण्यावरून छत्रपती संभाजीनगरला जाऊन समृद्धी धरली तर अंतर सव्वानऊशेच्या घरात जातं, पण निम्मा रस्ता सुसाट आहे. रात्री एकट्याने चालवायचं असेल तर समृद्धीवर झोप लवकर येते, हे लक्षात ठेवा.

रेल्वेने गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस पुणे-मनमाड-भुसावळमार्गे जाते आणि नागपूर गाठायला एक दिवसाहून जास्त घेते. पंढरपूर-लातूर-परभणी-हिंगोलीमार्गे जाणारी कोल्हापूर–नागपूर एक्स्प्रेस आठवड्यातून मोजकेच दिवस असते. स्लीपरचं भाडं पाहता वेळ असणाऱ्याला रेल्वेला तोड नाही.

घरापासून घरापर्यंत विमानाने खरा वेळ किती?

कोल्हापूर शहरातून विमानतळ अर्धा तास, तिथे दीड तास आधी हजर, ब्लॉक टाइम सव्वा ते दीड तास, सामान येईपर्यंत वीस मिनिटं, पुढे नागपूर शहरात अर्धा तास. सव्वाचार तासांच्या आसपास झाले. सांगली-मिरजहून निघणाऱ्याने एक तास वाढवावा, साताऱ्याहून निघणाऱ्याने दोन-अडीच. साताऱ्याच्या लोकांनी पुणे–नागपूर उड्डाणाचीही तुलना करून बघावी. पुण्याहून हवाई अंतर ६०५ किलोमीटरच आहे आणि उड्डाणं पुष्कळ. नागपूरच्या बाजूला वर्धा सव्वा तास, यवतमाळ, चंद्रपूर किंवा अमरावती अडीच-तीन तास.

ज्या दिवशी थेट विमान नाही त्या दिवशी काय करावं?

थेट सेवा आठवड्यातल्या ठरावीक दिवशी असते. वेळापत्रक मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, म्हणून जुन्या वेळेवर विसंबू नका.

मुंबईमार्गे गेलं तर ३०७ अधिक ६८३, म्हणजे ९९० किलोमीटर. हैदराबादमार्गे ४४६ अधिक ४३१, म्हणजे ८७७. नकाशावर हैदराबाद आडवाटेला वाटतं, पण ते मुंबईपेक्षा शंभरावर किलोमीटरनी जवळ पडतं. मात्र निर्णय किलोमीटरवर घेऊ नका, मधल्या थांब्यावर घ्या.

आणि सर्वांत महत्त्वाचं: दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तरच पहिलं विमान उशिरा पोचल्यावर पुढची जबाबदारी कंपनीची. दोन कंपन्यांची स्वतंत्र तिकिटं स्वस्त मिळाली म्हणून घेतली, तर मध्ये सामान स्वतः उचलायचं, बाहेर पडायचं, पुन्हा चेक-इन करायचं, आणि पुढचं विमान चुकलं तर ते पैसे बुडाले. अशी तिकिटं घ्यायचीच असतील तर मध्ये किमान चार तास ठेवा.

विमानतळावर कसं आणि किती आधी पोचावं?

कोल्हापूर विमानतळ उजळाईवाडीला, पुणे–बेंगळुरू महामार्गालगत, गोकुळ शिरगाव एमआयडीसीच्या शेजारी. मध्यवर्ती बसस्थानकापासून नऊ-दहा किलोमीटर. इचलकरंजी आणि निपाणीहून महामार्गाने सोपं पडतं. परतीची रिक्षा किंवा टॅक्सी आधीच ठरवलेली बरी, दिवसात मोजकीच उड्डाणं असल्याने वाहनंही मोजकीच थांबतात.

नागपूरला मेट्रोच्या ऑरेंज लाइनवर एअरपोर्ट स्टेशन आहे, पण ते वर्धा रोडवर; टर्मिनलच्या दारात नाही. जड सामान असेल तर टॅक्सीच करावी.

बहुतेक कंपन्या चेक-इन काउंटर उड्डाणाच्या ६० मिनिटं आधी बंद करतात आणि बोर्डिंग गेट २०-२५ मिनिटं आधी. तिकिटावर लिहिलेली मर्यादा अंतिम. छोटा विमानतळ आहे, सांभाळून घेतील, या समजुतीवर दर आठवड्याला कुणीतरी घरी परततं. उलट छोट्या विमानतळावर काउंटर एक-दोनच असतात आणि तीच माणसं पुढे बोर्डिंगलाही जातात, त्यामुळे बंद झालेला काउंटर परत उघडायला कुणी नसतं.

सामानात काय न्यावं, काय नेऊ नये?

देशांतर्गत प्रवासात सहसा १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हाताशी. कांदा-लसूण मसाला आणि मिरचीपूड हँडबॅगेत चालत नाही. सुरक्षा तपासणीत काढून घेतात. चेक-इनमध्ये टाका आणि दुहेरी पिशवीत बांधा, नाहीतर नागपूरपर्यंत सगळे कपडे तिखट होतील. गुळाची ढेप चेक-इनमध्येच ठेवा. ती क्ष-किरण यंत्रात घट्ट ठोकळ्यासारखी दिसते आणि हातात असली तर बॅग उघडायला लावतात. सुकं खोबरं नेऊच नका, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकणाऱ्या वस्तूंत मोडतं. पॉवर बँक मात्र उलट: ती फक्त हातातल्या बॅगेत. परतताना संत्री बिनधास्त आणा, पण जाळीच्या पिशवीत नको. खोक्यात भरा.

भाडं उडान योजनेतलं, अडीच हजारांचं असतं का?

उडान ही छोटी शहरं विमानाने जोडण्याची केंद्राची योजना. तो आकडा तिच्या सुरुवातीचा. तासाभराच्या, साधारण ५०० किलोमीटरच्या उड्डाणासाठी आणि विमानातल्या ठरावीक जागांपुरता. ७०० किलोमीटरच्या मार्गाला तो तसाच लावता येत नाही. भाडं मागणीप्रमाणे हलतं. हिवाळी अधिवेशनाच्या काळात आणि दिवाळीच्या आसपास ते चढतं.

उशीर झाला किंवा विमान रद्द झालं तर काय मिळतं?

इथे ब्लॉक टाइम पुन्हा उपयोगी पडतो, कारण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम त्याच्यावरच बेतलेले आहेत. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल आणि तुम्ही वेळेत चेक-इन केलेलं असेल, तर खाणं-पिणं द्यायला हवं. सहा तासांपेक्षा जास्त उशीर असेल तर दुसरं उड्डाण किंवा पूर्ण परतावा, निवड तुमची.

नियमाप्रमाणे आधी कळवलं नाही आणि विमान रद्द केलं, तर परताव्याखेरीज भरपाई. एक तासापर्यंतच्या ब्लॉक टाइमला ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५००, त्याहून जास्त असेल तर १०,०००. किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यातलं जे कमी असेल ते. कोल्हापूर–नागपूर मधल्या गटात येतं. भाडं ३,००० असेल तर ७,५०० मिळणार नाहीत, हे मात्र आधीच समजून घ्या.

हवामान, नियंत्रण कक्षाची अडचण अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणं असतील तर भरपाई नाही. परतावा किंवा दुसरं उड्डाण तरीही मिळतं. म्हणून काउंटरवर कारण लेखी मागा, निदान एसएमएस किंवा ईमेल जपून ठेवा. बुकिंग एजंटमार्फत केलं असेल तर त्यात तुमचाच मोबाइल नंबर घातला आहे ना, हे तिकीट हातात आल्याबरोबर तपासा. एजंटने स्वतःचा नंबर दिलेला असला तर रद्द झाल्याचा निरोप त्याला जातो, आणि कंपनीच्या लेखी तुम्हाला कळवलेलं असतं.